बुवांची खरखर

चष्मेवाल्यांकडे माणूस डोळे दाखवायला जायचा आणि बाहेर पडताना त्याच्या हातात चष्म्याच्या पावतीबरोबर एक कॅसेट असायची. पुढे लोकांच्या घरातून कॅसेट वाजवायची यंत्रंच गेली, तेव्हा चष्मेवाले लेकीच्या मागे लागून शिकले आणि तीच गाणी पेनड्राइव्हवर भरून द्यायला लागले. द्यायचे थांबले मात्र नाहीत.

दुकानाच्या मागच्या बाजूला डोळे तपासायची अंधारी खोली होती. समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता, अलीकडे उंच खुर्ची, आणि काचा बदलून बघायची ती जड लोखंडी फ्रेम. ती एकदा नाकावर चढली की गिऱ्हाइकाला उठून पळता येत नाही, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. एका हाताने ते फ्रेममध्ये काच सरकवायचे आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या टेपचं बटण दाबायचे.

"आता बरं दिसतं की आधी?"

"आता."

"बरं, हे ऐका. हे बरं की मघाचं?"

"मघाचं काय होतं?"

"हेच गाणं. ते स्टुडिओतलं होतं, हे मैफलीतलं आहे."

"मला तर दोन्ही सारखीच वाटली हो."

"वाटणारच. तुमचा नंबर अजून बसला नाही."

बाहेर काउंटरवर बसलेल्या वहिनी हे ऐकून कपाळाला हात लावायच्या. वहिनी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची म्हणून शेजारीही वहिनी म्हणायचे. गोल चेहऱ्याला कुठली फ्रेम, चपट्या नाकाला कुठली, आणि आरशासमोर तासभर घालवून काहीच न घेणाऱ्याला कसं वाटेला लावायचं, हे सगळं खातं त्यांचं. मागच्या खोलीतून बाहेर आलेल्या भांबावलेल्या माणसाला सावरायचं कामही त्यांचंच.

गाणी सगळी एकाच माणसाची. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक गिटारवाला. छातीपर्यंत दाढी, डोक्यावर वाकडी टोपी आणि करंगळीत काचेची नळी. ती नळी तारांवरून घसरवून तो जो सूर काढायचा, तो ऐकून घरात कुणी रडतंय की दाराची बिजागरी वाजतेय, हे वहिनींना लग्नानंतर कित्येक दिवस कळत नव्हतं. नवीन नवरी म्हणून घरात आल्या तेव्हा भिंतीवरची दाढी बघून त्यांनी भाबडेपणाने विचारलं होतं, "हे कुठले बुवा?" तेव्हापासून तो घरात बुवाच झाला. चष्मेवाल्यांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग निमूटपणे स्वतःही बुवा म्हणायला लागले.

तरुणपणी चष्मेवाले दुसऱ्याच्या दुकानात काम शिकत होते. एका खलाशाचा मोडलेला चष्मा त्यांनी बोट सुटायच्या आत जोडून दिला आणि खलाशाने खूश होऊन खिशातली कॅसेट त्यांच्या हातावर ठेवली. एवढंच निमित्त. मग त्यांनी जगभरच्या बुवाभक्तांशी पत्रव्यवहार सुरू केला. इकडून एक कॅसेट जायची, तिकडून एक यायची. बाजारात मिळणाऱ्या अल्बमकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हवे असायचे बूटलेग, म्हणजे कुणीतरी कोटाच्या खिशात यंत्र लपवून मैफलीत चोरून केलेली रेकॉर्डिंगं. आणि डेमो, म्हणजे गाणं पक्कं व्हायच्या आधी बुवांनी स्वतःपुरतं करून ठेवलेलं कच्चं काम.

"काय फरक असतो हो यात?" असं एखादं गिऱ्हाईक काउंटरशी हळूच विचारायचं.

"अल्बम म्हणजे पाहुणे यायचेत म्हणून आवरलेलं घर," वहिनी फ्रेम पुसत सांगायच्या. "डेमो म्हणजे सकाळचं स्वयंपाकघर. आणि बूटलेग म्हणजे शेजारणीने खिडकीतून बघितलेलं."

"मग यांना अल्बम का नाही आवडत?"

"आमचं घर कधी आवरलेलं बघितलंय का तुम्ही?"

कुणाला काय द्यायचं याचंही चष्मेवाल्यांचं शास्त्र होतं. ज्याला जवळचं दिसत नाही त्याला डेमो, कारण ते जवळून ऐकायचं संगीत. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला मैदानातली मैफल, गर्दीच्या आरोळ्यांसकट. दुहेरी नंबरवाल्याची तर धडगत नव्हती. त्याच्या कॅसेटच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. वहिनींचा भाऊ तपासणीला यायचाच बंद झाला होता. तो वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचा आणि म्हणायचा, "ताई, मला दिसतंय तेवढं पुरे."

आणि मग एक दिवस खरखर गेली.

चष्म्याच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या येतात. चष्मेवाल्यांनी त्या साठवून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी सगळ्या कॅसेट पत्र्याच्या डब्यांत उभ्या लावल्या, प्रत्येक डब्यात मूठभर पुड्या टाकल्या आणि झाकणं घट्ट लावून कपाट बंद केलं. काही महिन्यांनी एका रविवारी त्यांनी आपला सगळ्यात लाडका डेमो काढला. बुवा घरीच, स्वयंपाकघरात बसून वाजवताहेत असा तो होता, आणि त्यावर पहिल्यापासून वाळू चाळल्यासारखी खरखर होती.

"अगं, इकडे ये! ऐक!"

वहिनी हात पुसत आल्या.

"काय ऐकू?"

"खरखर! गेली! साफ गेली! आरशासारखा आवाज आहे."

वहिनींनी ऐकलं. वाळू पूर्वीसारखीच चाळली जात होती. जरा जास्तच. त्यांना वाटलं, नवरा थट्टा करतोय. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो डोळे मिटून मान डोलवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की वहिनींच्या तोंडून "हो, छान आहे" एवढंच निघालं.

त्या स्वयंपाकघरात परतल्या आणि भांडं घासता घासता थांबल्या. कपडे धुवायचं यंत्र काम झालं की बारीक टींटीं करतं. चष्मेवाले त्याच्याशेजारी बसून पेपर वाचायचे, पण उठून कपडे काढत नसत. वहिनींनी तो नवरेपणाचा भाग धरला होता. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, लेकीचा फोन. या सगळ्यांबद्दल त्यांनी आजवर नवऱ्याला जे जे बोलून घेतलं होतं, ते त्यांना एकदम आठवलं.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी शिकवायची.

"आई, खरखर गेली नाही, बाबांचे कान गेलेत," लेक म्हणाली. "वरचे बारीक आवाज आधी जातात. वयाने होतं. मागच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, मी नोकरी सोडतेय. म्हणाले, छान छान."

"तू नोकरी सोडतेयस?"

"नाही गं! ते ऐकतात का, एवढंच मी बघत होते."

"मग तू सांग त्यांना."

"मी फोनवर सांगू? ते छान छान म्हणतील. तूच सांग."

वहिनींनी सांगायचं ठरवलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात रेडिओचं आमंत्रण आलं.

शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रातली एक निवेदिका दुकानात चष्मा करून गेली होती. तिला पेनड्राइव्ह मिळाला होता आणि नवल म्हणजे तिने तो ऐकलाही होता. शनिवारी संध्याकाळी तिचा दुर्मीळ रेकॉर्डिंगांचा कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. त्यात तासभर येऊन आवडीच्या चीजा वाजवाव्यात आणि लोकांनी काय ऐकावं ते सांगावं, अशी तिची विनंती होती.

चष्मेवाले हवेत तरंगायला लागले. आजवर माणसाच्या नाकावर फ्रेम चढवल्याशिवाय कुणी त्यांचं ऐकून घेतलं नव्हतं. आता सगळं शहर ऐकणार होतं. त्यांनी नवा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. आणि काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघायला लागले, तेव्हा वहिनी दाराशी येऊन ऐकायला लागल्या.

"श्रोतेहो, टेपची खरखर घालवणं शक्य आहे. मी ती घालवली आहे. पुराव्यादाखल हा डेमो ऐका."

शहरभर वाळू चाळली जाणार होती आणि हा माणूस सांगणार होता, ऐका, किती स्वच्छ.

वहिनींनी जेवताना विषय काढला. "अहो, तुमच्या कानांचं जरा..."

"पानांचं काय? कुंडीतली ना? पाणी घातलंय मी सकाळी."

दुसऱ्यांदा त्यांनी दुकान बंद करताना प्रयत्न केला. शटरच्या खडखडाटात तो वाया गेला. तिसऱ्यांदा सगळं नीट जुळून आलं. पण वहिनी बोलायला लागल्या तेव्हा चष्मेवाल्यांची पाठ होती, आणि ते कपाटातल्या डब्यांशी इतक्या मायेने बोलत होते की वहिनींनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

मग केंद्रातल्या तंत्रज्ञाचा फोन आला. रेकॉर्डिंगं आधीच पाठवून दिली होती. चष्मेवाले आत एकाचा नंबर काढत होते, म्हणून फोन वहिनींनी घेतला.

"काकू, पहिली जी फाइल आहे ना, तिच्यात फार खरखर आहे. आणि वरचा बारीक आवाज कुणीतरी पार चढवून ठेवलाय, त्यामुळे कान फाटतात."

"हो," वहिनी म्हणाल्या. तो कुणी चढवला ते त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही म्हणत असाल तर मी इथेच साफ करून टाकतो. काकांना कळणारही नाही."

वहिनी फोन धरून उभ्या राहिल्या. कळणारही नाही. किती सोपं होतं. शनिवार साजरा होईल, सदऱ्याची इस्त्री वाया जाणार नाही, शहरातले दोनचार भोळे लोक कॅसेटच्या डब्यात पुड्या टाकतील, त्याने कुणाचं काही बिघडणार नाही. आणि रविवारपासून पुन्हा घरात "छान छान" सुरू होईल. पुढे हळूहळू खालचे आवाजही जातील. तेव्हाही कुणीतरी काहीतरी साफ करून देईल, आणि वहिनी एकट्याच बोलत राहतील.

"उद्यापर्यंत काही करू नका," त्या म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

त्या तडक आत गेल्या. खुर्चीत बेकरीवाल्या बाई बसल्या होत्या, नाकावर फ्रेम घेऊन. शेजारी तोच डेमो वाजत होता.

"तुमच्या डेमोत खरखर आहे," वहिनी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "ती गेलेली नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

चष्मेवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली. "काहीतरीच काय? गिऱ्हाइकासमोर?"

"गिऱ्हाइकालाच विचारा."

चष्मेवाले हसले. त्यांनी गळ्यातून मानभावी सूर काढला. "बाई, या गाण्याचा आवाज कसा वाटतोय?"

"चांगला आहे की," बेकरीवाल्या बाई फ्रेममधून तक्त्याकडे बघत म्हणाल्या. "फक्त तुमच्या त्या पंख्याला तेल घाला. केव्हाचा घासतोय."

खोलीत पंखा नव्हता.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं, मग टेपकडे, मग बायकोकडे. मग त्यांनी टेप बंद केला. "आता थांबला बघा," बेकरीवाल्या बाई समाधानाने म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी त्यांचा उरलेला नंबर एक शब्दही न बोलता काढला. त्यांना पेनड्राइव्हही दिला नाही. बाई बाहेर येऊन वहिनींना म्हणाल्या, "आज बरे आहेत ना हे?"

संध्याकाळी घरी चष्मेवाल्यांचा पारा चढला.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं."

"मला नाही ऐकू आलं!"

"तेच तर म्हणतेय मी."

ते खुर्चीत मटकन बसले. त्यांची नजर खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेली. मग म्हणाले, "मी नाही जाणार रेडिओवर. बहिऱ्या माणसाने लोकांना काय ऐकायचं ते सांगायचं? कधीपासून असं चाललंय कुणास ठाऊक. मी लोकांना काय काय दिलं असेन गं? हे स्वच्छ, ते स्वच्छ म्हणून? हसत असतील."

"हसायला आधी ऐकलं तर पाहिजे लोकांनी."

ते हसले नाहीत. वहिनींनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, तोंड समोर राहील अशी.

"चाळिशीच्या माणसाला तुम्ही रोज काय सांगता? डोळे गेले नाहीत, फक्त नंबर लागलाय. रोज सांगता. बायका तर तुमच्या खुर्चीत बसून रडतात, आणि तुम्ही त्यांना हसवून पाठवता."

"डोळ्यांचं वेगळं असतं."

"का वेगळं? चष्मा सगळ्यांना दिसतो म्हणून? कानामागचं यंत्र तर कुणाला दिसणारही नाही."

"मला कळेल ना."

"कळायला तर पाहिजेच आहे," वहिनी म्हणाल्या. "लेकीने नोकरी सोडतेय म्हणून सांगितलं तरी तुम्ही छान म्हणालात."

"तिने नोकरी सोडली?"

"चला कानवाल्यांकडे. मग सांगते."

कान तपासणारी मुलगी लेकीच्या वयाची होती. तिने चष्मेवाल्यांना काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, बारीक आवाज आला की दाबायचं. बाहेरून वहिनी बघत होत्या. आजवर या माणसाने हजारो लोकांना खुर्चीत बसवलं होतं. स्वतः असा कुठे बसला नव्हता. त्याचे खांदे शाळेत तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ताठ होते. बटण मात्र तो झपाझप दाबत होता. एकदा, दोनदा, परत.

मुलीने काचेवर टकटक केलं आणि माइकमध्ये बोलली, "काका, मी अजून सुरूच केलेलं नाहीये."

वहिनींना इतकं हसू आलं की त्यांना तोंडावर रुमाल धरावा लागला. आतून चष्मेवाल्यांनी ते पाहिलं. आधी रागावले. मग त्यांचेही खांदे गदगदायला लागले आणि मुलीला तपासणी थोडा वेळ थांबवावी लागली. त्यानंतर मात्र त्यांनी गिऱ्हाइकांनी द्यावी अशी त्यांची अपेक्षा असते तशी, प्रामाणिकपणे परीक्षा दिली. निकाल लेकीने सांगितला तोच निघाला. मुलीने आठवडाभर वापरून बघायला दोन छोटी यंत्रं दिली, कानामागे बसणारी.

घरी येऊन चष्मेवाल्यांनी कपडेही बदलले नाहीत. डेमो लावला. पहिला सूर लागायच्या आधीच त्यांचा चेहरा पडला.

"आली," ते म्हणाले. "सगळी परत आली. माझ्या पुड्यांचा काही उपयोग झाला नाही."

बुवांनी काचेची नळी तारेवर ठेवली. खुर्ची करकरली. कपात चमचा फिरला. आणि गाण्याच्या मध्येच, मागे कुठेतरी, एका बाईचा आवाज आला. ती दोन शब्द बोलली आणि हसली. बुवा वाजवता वाजवता तिला काहीतरी म्हणाले.

चष्मेवाले उठून उभे राहिले. त्यांनी टेप मागे नेला. परत लावला. चमचा, बाई, हसणं.

"ही!" ते म्हणाले. "अगं, ही होती यात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा होती. मी लोकांना सांगायचो, बाईपर्यंत थांबा म्हणून. मग मी सांगायचं कधी बंद केलं?" त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "ती गेलेली मला कळलंही नाही."

त्या रात्रीचं जेवण उशिरा झालं, कारण बाई आणखी कितीतरी वेळा हसली.

शनिवारी वहिनींनी दुकानातला रेडिओ लावला. दुकानात बेकरीवाल्या बाई होत्या, चष्मा न्यायला आल्या होत्या. वहिनींचा भाऊही आला होता, तपासणीचा धोका नाही याची खात्री करून. चष्मेवाल्यांचा आवाज आला तेव्हा तिघंही रेडिओकडे असे बघायला लागले, जणू ते त्यातून बाहेर येणार होते.

"श्रोतेहो, मी तुम्हाला सांगणार होतो की खरखर कशी घालवायची," रेडिओतून चष्मेवाले म्हणाले. "युक्ती सोपी आहे. म्हातारं व्हायचं. आपोआप जाते."

निवेदिका खळखळून हसली. वहिनींच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"पण खरखरीबरोबर बरंच काही जातं," ते पुढे म्हणाले. "म्हणून आज मी हा डेमो आहे तसाच लावायला सांगितलाय. साफ केलेला नको. तंत्रज्ञांनी फक्त मी चढवलेला आवाज खाली आणलाय, त्यांचे आभार. मध्यावर एक बाई हसते. तिच्यापर्यंत थांबा. ज्यांना ती ऐकू येणार नाही, त्यांनी सोमवारी कान दाखवून घ्या आणि मग मला फोन करा. तुम्हाला काय द्यायचं ते मला माहीत आहे."

मग ते सुटले. कुठली मैफल कोणी खांबामागे बसून रेकॉर्ड केली, कुठल्या रात्री बुवांची तार तुटली आणि त्यांनी तिच्याशिवाय कसं निभावलं, कुठल्या गावात वीज गेली आणि गर्दी कशी गात राहिली. निवेदिका तीनदा "आणि आता आपण निरोप घेऊ या" म्हणाली. चष्मेवाल्यांना ते नक्कीच ऐकू येत होतं. शेवटी बातम्यांची वेळ झाली आणि त्यांचं वाक्य मध्येच तोडावं लागलं.

"हे म्हणजे खोलीत बसल्यासारखंच झालं," भाऊ म्हणाला. "फक्त नाकावर फ्रेम नव्हती."

"ती बाई मला ऐकू आली हो," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "छान हसते. मला ते गाणं मिळेल का?"

चष्मेवाले परतले तेव्हा दुकानात वहिनी एकट्याच होत्या. चष्मेवाल्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोत होता तसा दिसत होता.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. जरा लांबलं," वहिनी म्हणाल्या. "बेकरीवाल्या बाईंना तो डेमो हवाय. स्वतःहून मागितलाय, नोंद करा. आणि लेकीचा फोन होता. ती म्हणाली, बाबांनी मला कधी सांगितलं नाही की एक बाई हसते. आणि घरी जाताना दूध घ्यायचंय. आणि कपडे यंत्रात तसेच आहेत सकाळपासून."

चष्मेवाले त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"काय बघताय?"

"तुझा आवाज असा आहे?"

"कसा?"

"वरचा. जरा धारदार."

"मग इतके दिवस कसा होता?"

"खालचा," चष्मेवाले विचार करत म्हणाले. "मऊ. समजूतदार वाटायचा."

वहिनींनी शटर ओढायचा आकडा हातात घेतला. चष्मेवाल्यांचं बोट कानामागे गेलं आणि तिथलं बारीक बटण चाचपायला लागलं.

"कमी केलात ना? माझ्यासमोर कमी केलात?"

"नाही गं," चष्मेवाले म्हणाले. "वाढवला. पुढे बोल."

खरं काय ते बघण्यासाठी वहिनी अगदी हळू आवाजात जे बोलल्या, ते ऐकून चष्मेवाले कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.